नेटवर्क कुठलं निवडू, मॅडम?

‘हा व्यवहार परत फिरवता येत नाही.’ गेली काही वर्षं हे वाक्य मी इतक्या वेळा म्हटलंय की एकदा भाजीवाल्याला सुट्टे देतानाही तोंडातून निघून गेलं. अंधेरी पूर्वेला एका क्रिप्टो एक्स्चेंजच्या, म्हणजे डिजिटल नाण्यांच्या खरेदी-विक्रीच्या कंपनीच्या, तक्रार विभागात मी मराठी आणि हिंदी फोन घेते. त्याआधीची नोकरी एका बँकेच्या क्रेडिट कार्डांच्या कॉल सेंटरमध्ये झाली. तिथे लोक शिव्या द्यायचे. इथे घाबरून फोन करतात. खरं सांगायचं तर शिव्या परवडल्या.

काम काय ते आधी सांगते, कारण आमच्या सोसायटीतल्या बायकांना अजून वाटतं की मी मोबाइल टॉवरच्या कंपनीत आहे. ‘नेटवर्क’ हा शब्द माझ्या तोंडी सारखा असतो ना, म्हणून. स्टेबलकॉइन म्हणजे डॉलरला बांधलेलं डिजिटल नाणं. एका नाण्याची किंमत एका डॉलरच्या आसपास राहते, म्हणून परदेशी पैसे पाठवायला आणि मागवायला लोक ते वापरतात. पण हे नाणं एकाच रस्त्याने जात नाही. इथेरियम आहे, ट्रॉन आहे, आणखी कितीतरी आहेत. प्रत्येकाची फी वेगळी, वेग वेगळा. पाठवताना स्क्रीनवर त्यांची नावं येतात आणि एक निवडावं लागतं. सगळा घोळ तिथे होतो, कारण यातल्या बऱ्याच नेटवर्कवर घेणाऱ्याचा पत्ता अक्षरन् अक्षर सारखाच असतो.

आम्ही घाटकोपरला राहतो. आमच्या सोसायटीत तीन विंग आहेत आणि तिन्हींत चारशे चार नंबरचा फ्लॅट आहे. कुरियरवाला ए विंगमध्ये पार्सल ठेवून जातो आणि ज्याचं आहे तो सी विंगमध्ये वाट बघत बसतो. इथेही तसंच. पैसे हरवलेले नसतात, दुसऱ्या विंगमध्ये पडलेले असतात. त्या फ्लॅटची किल्ली कुणाकडे, यावर पुढचं सगळं ठरतं.

बोरिवलीच्या एका मुलीला परदेशातून चित्रांच्या कामाचे पैसे यायचे होते. ते आलेच नाहीत म्हणून ती दिवसभर आम्हाला फोन करत होती. वॉलेट तिचं स्वतःचं होतं, म्हणजे किल्ली तिच्याच हातात. मी तिला वॉलेटमध्ये दुसरं नेटवर्क चालू करायला सांगितलं आणि पैसे समोर दिसले. ती आधी हसली, मग तिला रडू आवरेना. घाटकोपरच्या एका नकली दागिन्यांच्या व्यापाऱ्याचं नशीब तसं नव्हतं. त्याने फी वाचवायला स्वस्त नेटवर्क निवडलं आणि समोरच्याचं खातं ज्या परदेशी कंपनीत होतं, ती हे नेटवर्क घेतच नव्हती. किल्ली तिच्याकडे, आणि तिने कुलूप उघडायला नकार दिला. तो मला अधूनमधून फोन करायचा, ‘मॅडम, काही हललं का?’ मग ते फोन थांबले. थांबल्याचं मला बरं वाटलं, आणि बरं वाटल्याचं वाईट वाटलं.

सुनंदा दळवींचा फोन आला तेव्हा मला वाटलं, हाही त्यातलाच एक.

“मॅडम, नेटवर्क कुठलं निवडू?” आवाज इतका बारीक की मी हेडफोन कानाशी दाबून धरला.

“कुठे पाठवताय त्यावर आहे, ताई. समोरच्याला विचारा, तो कुठल्या नेटवर्कवर घेतो.”

“सांगितलंय त्यांनी. पण मागच्या वेळी माझं चुकलं. आता चुकायला नको.”

आमच्याकडे फोन करणारा प्रत्येक माणूस आधी फी विचारतो. कोट्यधीशसुद्धा विचारतो. या बाईंनी विचारली नाही. त्यांनी विचारलं, “पाठवल्यावर त्यांना लगेच दिसेल ना?”

“त्यांना म्हणजे कुणाला?”

मागून एका पुरुषाचा आवाज आला, “कुणाचा फोन गं?”

“गॅसवाल्यांचा,” त्या म्हणाल्या. “नंबर लागत नव्हता ना.” मग मला म्हणाल्या, “हो हो, पाठवा सिलेंडर, मी घरीच आहे.” आणि फोन ठेवला.

आमच्या धंद्यात नेटवर्कच्या फीलाही गॅसच म्हणतात. एरवी मला हसू आलं असतं.

मी त्यांचं खातं उघडून बघितलं. खातं नवीन. एकदाच स्टेबलकॉइन घेतलेले आणि घेतल्याबरोबर बाहेर पाठवलेले. दुसऱ्या वेळची तयारी झाली होती, नेटवर्क निवडायचंच बाकी होतं. ग्राहकाला कुणी फसवतंय असा संशय आला तर पैसे रोखून धरायचे, हा आमचा नियम. मी रोखले आणि आमच्या विभागाच्या निशांत सरांना दाखवलं. सर वयाने माझ्यापेक्षा बरेच लहान, पण डोकं थंड. ज्या पत्त्यावर पैसे जायचे होते तो त्यांनी तपासला आणि खुर्ची माझ्याकडे फिरवली.

“वंदनाजी, हा पत्ता आधीच बदनाम आहे. थायलंडच्या सीमेपलीकडे कॅम्प आहेत ना, पोरांना नोकरीच्या नावाने नेऊन डांबतात, त्या लोकांचा. हे पैसे जाऊ देऊ नका.”

सुनंदाताईंचा परत फोन आला तेव्हा मी त्यांना सांगितलं की पैसे रोखलेत. मला आरडाओरड्याची सवय आहे, मी तयारीत होते. त्या ओरडल्या नाहीत. म्हणाल्या, “मॅडम, माझा मुलगा आहे तिथे.”

दुसऱ्या दिवशी त्या ऑफिसला आल्या. ग्राहकांना वर सोडत नाहीत, म्हणून मी खाली लॉबीत गेले. मुलुंडला राहणाऱ्या, पालिकेच्या ऑफिसात कारकून. पर्स मांडीवर दोन्ही हातांनी धरून बसल्या होत्या. मुलाचं नाव अनिकेत, बीकॉम झालेला. इथल्याच एका एजंटने थायलंडला डेटा एंट्रीची नोकरी म्हणून नेलं होतं. तिथे उतरल्यावर गाडीत घातलं, नदी ओलांडून पलीकडच्या देशात नेलं, पासपोर्ट काढून घेतला. तिथे या पोरांना कॉम्प्युटरवर बसवून परक्या माणसांशी गोड बोलायला लावतात आणि त्यांचे पैसे लुबाडतात. सुटायचं असेल तर घरच्यांनी भरपाई द्यायची. नवऱ्याच्या हृदयात दोन स्टेंट, म्हणून सुनंदाताईंनी घरात काहीच सांगितलं नव्हतं. गळ्यातलं मोडून पहिली रक्कम पाठवली होती.

“आणि मग हे आलं,” म्हणत त्यांनी मोबाइल माझ्या कानाशी धरला.

अनिकेतचा आवाज होता. “आई, त्यांना पैसे मिळाले नाहीत. तू नेटवर्क चुकीचं निवडलंस. नीट वाच आणि परत पाठव.” सपाट आवाज, कुणीतरी पुढ्यात कागद धरावा तसा. शेवटी एकदम श्वास आत ओढल्याचा आवाज, आणि क्लिप संपली.

“त्यांनी लिहिलं होतं एक आणि मी दाबलं दुसरं,” त्या म्हणाल्या. “ते सगळ्यात वर होतं हो. माझ्या एका बोटामुळे त्याला मारलं.”

ब्लॉकचेनवरचा, म्हणजे या नेटवर्कच्या उघड्या खातेवहीतला व्यवहार कुणालाही बघता येतो, त्याला परवानगी लागत नाही. मी तिथेच मोबाइलवर बघितलं. पैसे खरंच दुसऱ्या विंगमध्ये गेले होते. पण फ्लॅट त्या टोळीचाच होता, किल्ली त्यांच्याच खिशात. आणि पैसे तिथून त्याच दिवशी पुढे हलवलेलेही होते.

“ताई, पैसे मिळालेत त्यांना. काढूनही घेतलेत. तुमच्यामुळे काही झालेलं नाही.”

मला वाटलं, बाईंना जरा हलकं वाटेल. त्यांचा चेहरा आणखी उतरला.

“म्हणजे खोटं बोलतायत.”

“हो.”

“मग दुसऱ्यांदा दिले तरी हेच म्हणतील.” पर्सवरची बोटं पांढरी पडली होती. “आणि खोटं बोलताय असं मी म्हटलं, तर मार त्यालाच बसणार.”

एवढी वर्षं मी लोकांना पैसे कुठे आहेत ते शोधून देत होते, आणि इथे ते कळून काडीचा उपयोग नव्हता.

पोलिसांत जायला त्या तयार नव्हत्या, कारण तशी धमकीच होती. निशांत सर खाली आले, बराच वेळ बसून बोलले, आणि शेवटी आम्ही तिघं सायबर पोलिसांकडे गेलो. तिथल्या उपनिरीक्षक बाई तरुण होत्या, बोलायला तुटक. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

“पैसे पाठवू नका. पाठवलेत की आकडा वाढतो, माणूस सुटत नाही. नाव आम्ही वर कळवतो, वकिलातीला जाईल. पण वेळ लागेल. तोवर त्यांना वाटत राहिलं पाहिजे की पैसे येतायत.” मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, “तुमच्याकडे पैसे अडकतात ना? कशाकशाने अडकतात?”

बाईंना काय हवंय ते मला कळलं होतं. ज्या कटकटींमुळे लोक आम्हाला रोज घाबरून फोन करतात, त्या सगळ्या मला आता एकेक करून पुरवायच्या होत्या.

“आणि ताई, मिस्टरांना सांगा,” उपनिरीक्षक बाई म्हणाल्या. “एकटीला झेपणार नाही हे.”

त्यांनी घरी जाऊन सांगितलं. दळवी म्हणे उठून पाणी प्यायले आणि हात पुढे केला. “फोन दे इकडे. मेसेज मी टाइप करतो.”

पहिलं कारण खरंच होतं. पैसे तपासणीत आहेत, असा आमचा मेसेज दळवींनी फोटो काढून तिकडे पाठवला. उत्तर आलं, मग दुसऱ्या नेटवर्कवर पाठव. ते नेटवर्क त्या दिवशी आमच्याकडे दुरुस्तीसाठी बंद होतं, तेही खरंच. मग तिसरं नेटवर्क सांगितलं. त्यावर आम्ही कळवलं की नवीन पत्ता घातला की काही काळ पैसे काढता येत नाहीत. हाही नियम खराच. मी शक्य तितकं खरं सांगत होते, कारण तिकडची माणसं या धंद्यातली मुरलेली. त्यांना खोटं पकडायला वेळ लागला नसता.

त्या दिवसांत मी नीट जेवले असेन असं मला आठवत नाही. सुनंदाताई ऑफिसच्या जेवणाच्या सुट्टीत फोन करायच्या. त्यांचं नाव स्क्रीनवर दिसलं की आधी मला वाटायचं, संपलं सगळं. फोन कानाला लावेपर्यंतच्या तेवढ्या वेळात मी काय काय बघायचे डोळ्यांसमोर. इतर ग्राहक तर चालूच होते. एक बाई कमी फीचं नेटवर्क कुठलं म्हणून विचारत होत्या आणि मी त्यांना समजावून सांगत होते, आणि मनात चाललं होतं की आजचा मेसेज त्या पोराच्या पाठीवर उतरला असेल का.

नवरा एकदा वैतागून म्हणाला, “तुझं काम फोनवर बोलायचं ना? त्यांच्या पोराचं काय व्हायचं ते होईल. तू का डोक्यावर घेतेस?”

“मी इथे बोलते ते तिथे पोचतं रे,” मी म्हटलं.

मग एक फोटो आला. अनिकेतचा उजवा हात, सुजून वांग्यासारखा झालेला. खाली एकच ओळ, शेवटची संधी. आणि एका नेटवर्कचं नाव.

“काय सांगू आता?” सुनंदाताईंनी विचारलं. आवाज अगदी शांत होता आणि त्यानेच मला धडकी भरली. मागे दळवी म्हणत होते, “विचार ना त्यांना, विचार लवकर.”

खरी कारणं संपली होती. तोंडातून निघून गेलं, “मेमो. त्यांना लिहा, एक्स्चेंज मेमो नंबर मागतंय, त्याशिवाय पुढे जातच नाही.”

मेमो म्हणजे पार्सलवरचा फ्लॅट नंबर म्हणा. काही नेटवर्कवर कंपनीच्या सगळ्या ग्राहकांचा मिळून एकच पत्ता असतो, मग कुणाचे पैसे कुणाचे ते कळायला वेगळा नंबर द्यावा लागतो. पण काहीच नेटवर्कवर. त्यांनी सांगितलेल्या नेटवर्कला मेमो लागत नाही, ही गोष्ट आमच्याकडे आठवडाभर बसलेल्या ट्रेनीलाही ठाऊक असते.

फोन ठेवल्यावर माझ्या ध्यानात आलं. मी लगेच परत लावला. “ताई, तो मेसेज पाठवू नका. पाठवला असेल तर पुसा.”

“वाचला त्यांनी,” सुनंदाताई म्हणाल्या. “काय झालं?”

“काही नाही,” मी म्हटलं. त्यांना सांगायची माझी हिंमत झाली नाही. निशांत सरांना सांगितलं. ते हळूच म्हणाले, “असा मेमो नसतोच तिथे.” जणू मला माहीत नव्हतं. घरी जाताना मेट्रोत एका पोराने बसायला जागा दिली, म्हणजे माझा चेहरा तसा झाला असणार.

दुसऱ्या दिवशी तिकडून काही आलं नाही. त्यानंतरही नाही. धमक्या येत होत्या तेव्हा निदान तो जिवंत आहे हे कळत होतं. आता सुनंदाताई फोन करायच्या आणि आम्ही दोघी नुसत्या फोन धरून बसायचो. बोलायला काही नव्हतं, पण ठेवायचंही धाडस नव्हतं. एकदा त्या म्हणाल्या, “आपण काही वावगं तर नाही ना लिहिलं?” मी म्हटलं, “वाट बघू या.”

मग उत्तर आलं. ‘मेमो नंबर बनवून घेतोय. थांब.’

मी ते चार वेळा वाचलं. निशांत सरांनी वाचलं. आम्हाला दोघांनाही त्याचा अर्थ लागेना. एवढी मुरलेली टोळी, आणि नसलेला नंबर बनवत बसलीय? ही काही नवी चाल असेल, या भीतीने माझी झोप उडाली. पण ते थांबले खरे. आणि ते थांबलेले असतानाच उपनिरीक्षक बाईंचा फोन आला की नदीपलीकडच्या एका कॅम्पातून पोरांची एक तुकडी बाहेर काढलीय, नावं येतायत. अनिकेतचं नाव त्यात होतं. तो खरंच विमानात बसेपर्यंत सुनंदाताईंनी कुणाला सांगितलं नाही. मीही नाही.

तो घरी आल्यावर काही आठवड्यांनी त्यांनी मला मुलुंडला बोलावलं. चौकशा, जबाब सगळं होऊन गेलं होतं. दळवींनी स्वतः चहा केला. अनिकेत हॉलमध्ये दाराकडे तोंड करून बसला होता. उजव्या हाताची दोन बोटं वाकत नव्हती. मी कोण ते त्याला आधी सांगितलेलं होतं.

“तुम्ही करता तेच काम माझ्याकडे होतं,” तो माझ्याकडे न बघता म्हणाला. “समोरच्या माणसाला नेटवर्क निवडून द्यायचं. हे दाबा, ते दाबू नका. म्हाताऱ्या बायका असायच्या बऱ्याच. थँक्यू म्हणायच्या.”

सुनंदाताईंनी मान खाली घातली. हे त्यांनी आधी ऐकलेलं असणार.

“आणि मराठी मलाच यायचं ना,” तो पुढे म्हणाला. “त्यामुळे आईचे मेसेज मलाच वाचायला द्यायचे. वाचून सांग, खरं बोलतेय की खोटं. खोटं असलं आणि मी खरं म्हटलं, तर...” त्याने उजवा हात मांडीवर उलटा ठेवला. “तपासणीत आहे, ते खरं वाटलं. नेटवर्क बंद आहे, तेही होतं कधीकधी. मेमोचं साफ खोटं होतं. त्या नेटवर्कला मेमो लागतच नाही.”

“माहीत आहे मला,” मी म्हटलं. “मग तू काय सांगितलंस?”

“म्हटलं, भारतात लागतो. नवीन सरकारी नियम आहे. पटलं आमच्यावरच्या मुकादमाला. म्हणाला, तुमच्याकडे काहीही नियम असतात.”

दळवी हसले. हसले आणि लगेच उठून गॅलरीत गेले.

“भीती नाही वाटली तुला?” मी विचारलं.

“वाटली ना. त्याने नुसतं गूगल केलं असतं तरी वाट लागली असती माझी.” त्याने पहिल्यांदाच माझ्याकडे नीट बघितलं. “पण तो मेसेज वाचला आणि माझ्या लक्षात आलं. आईला साधा फोटो फॉरवर्ड करता येत नाही. तिला मेमो हा शब्द कुठून माहीत असणार? म्हटलं, तिच्या शेजारी कुणीतरी बसलंय.”

एवढं बोलून त्याने डाव्या हाताने कप उचलला आणि गार झालेला चहा पिऊन टाकला.